म्हाताऱ्या उंदरांची चोरी

१

"बाई, म्हातारे चोरीला गेले," संचालक फोनवर कुजबुजले.

मला पहिल्यांदा वाटलं, म्हातारे कोणाला हवेत? आमच्या वयाची माणसं घरचे फुकट द्यायला तयार असतात, वर जाण्यायेण्याचं भाडंही देतील. मग उलगडा झाला. म्हातारे म्हणजे उंदीर. संशोधन विभागातले, दोन वर्षं पोसलेले, जगप्रसिद्ध होऊ घातलेले पांढरे उंदीर.

"पोलिसांना सांगा," मी म्हणाले.

"पोलीस कशाला, उगाच बभ्रा होईल. तुम्ही आपल्या घरच्या. शिवाय तुमचे बंधू..."

त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. अर्धवट सोडणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. पण बाण बरोबर लागला होता. माझा दादा त्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर झोपला होता. एकच मूत्रपिंड चालू, आणि त्यावर गाठ. उद्या सकाळी ऑपरेशन. आणि त्या उंदरांवर पारखलेलं औषध माणसांत पहिल्यांदा टोचलं जाणार होतं ते त्यालाच.

मी त्या संस्थेत उभी हयात मेलेली माणसं उघडण्यात घालवली. सगळे मला माघारी 'कात्री' म्हणत, काही जण तोंडावरही. मेलेला माणूस खोटं बोलत नाही, त्यामुळे जिवंतांशी बोलायची माझी सवय मोडली आहे. तरी निघाले.

उंदीरखान्याच्या आतल्या खोलीचं कुलूप तुटून लोंबत होतं. आत मांडणीवर पिंजरे ओळीने ठेवलेले, दारं उघडी, तळाशी भुसा. उंदीर एकही नाही. संचालक, पिंजरेवाला आणि दोन शिपाई चेहरे पाडून उभे होते.

"चोराने पिंजरे इथेच ठेवले?" मी विचारलं.

"हो ना," संचालक म्हणाले. "किती सभ्य चोर!"

हा माणूस एवढी मोठी संस्था चालवतो. डझनभर वळवळते उंदीर कोणी खिशात घालून रस्त्याने नेत नाही, हे त्याच्या डोक्यात शिरेना. ज्याने पिंजरे सोडले, त्याला लांब जायचंच नव्हतं. मी वाकून भुसा नाकाशी धरला. उंदरांचा वास होताच. पण त्याखाली आणखी एक ओळखीचा वास होता. इतका ओळखीचा, की तिथे त्याचं काय काम, हेच मला कळेना.

चहाचा.

२

औषधाचा जनक आपल्या खोलीत कपाळाला हात लावून बसला होता. तो दादाचा वर्गमित्र. गोरा, नाकेला, म्हणून शाळेपासून त्याचं नाव 'चिकणा'. दादाच्या वयाचा, पण केस डांबरासारखे काळे. निवृत्तीनंतर मुदतवाढीवर मुदतवाढ घेत तो त्या खुर्चीला चिकटला होता, त्याही अर्थाने नाव शोभत होतं.

"छोटी, माझं आयुष्य चोरलं गं कोणीतरी," तो म्हणाला. सत्तरीला टेकलेल्या बाईला छोटी म्हणणारी आता दोनच माणसं उरलीत. दादा म्हणतो तेव्हा बरं वाटतं.

"तुझं औषध करतं काय, ते मला एकदा सरळ सांग."

त्याने सरळ सांगितलं नाही, फळ्यावर चित्र काढून भाषण दिलं. मी सरळ सांगते. अवयवाचं रक्त थांबलं की तो उपाशी पडतो, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. खरी खोच पुढे आहे. रक्त परत सोडलं की तो सावरण्याऐवजी आणखी बिघडतो. बरेच दिवस उपाशी माणसापुढे एकदम भरलं ताट ठेवावं आणि जेवणानेच त्याच्या पोटात कळा याव्यात, तसं. तरुण पेशी त्या कळा सोसून उठते. म्हातारीला उठवत नाही. तिचं साफसफाईचं आणि डागडुजीचं खातं आधीच थकलेलं असतं. म्हणून तेवढाच वेळ रक्त थांबवलं, तर तरुण मूत्रपिंड वाचतं आणि म्हातारं जातं. चिकण्याचा दावा असा, की त्याच्या औषधाने म्हातारं मूत्रपिंडही तरुणासारखं सावरतं.

"दोन वर्षांचे उंदीर होते ते. माणसाचे सत्तर म्हण. धमनी बांधली, सोडली, आणि टुणटुणीत! मी स्वतः पोसले. पिंजरेवाल्याला हातसुद्धा लावू दिला नाही."

घरी स्वतःचा पाण्याचा पेला उचलून न ठेवणारा माणूस उंदरांची शी काढत होता, ही बातमी मला औषधापेक्षा मोठी वाटली.

"बोटाला काय झालं?" त्याच्या तर्जनीला पट्टी होती.

"कागदाने कापलं. छोटी, हे काम सर्जनचं आहे. जळतो माझ्यावर. उद्या बाहेरचे तपासनीस येणार, उंदीर हातात घेऊन बघणार, नेमके आजच गायब! तू अहवालात तेवढं लिही, उंदीर चोरीला गेले म्हणून."

"मग दादाचं ऑपरेशन पुढे ढकलायचं?"

"छे! निकाल तर माझ्या हातात आहेत. ते ठरल्याप्रमाणे होणार."

कोपऱ्यात विजेची किटली होती. शेजारच्या टोपल्यात चहाच्या चोथ्याचा ढीग.

"चहा घेणार?" मी उगाच विचारलं.

"मी? कॉलेजपासून सोडलाय. नुसतं गरम पाणी पितो. चहाने कातडी सुरकुतते."

३

सर्जन आपली नखं बघत होता. बोलताना तो नेहमी स्वतःचाच कुठला तरी अवयव बघतो, समोरच्याला बघण्यासारखं काही नसतं म्हणून.

"मॅडम, मी कशाला उंदीर चोरू? हो, सकाळी गेलो होतो उंदीरखान्यात. दार उघडेनात. एकदा बघावं म्हटलं ते म्हातारे, तीन महिने मागतोय."

"आणि न बघताच माझ्या भावाला औषध टोचणार?"

"टोचणार ते. मी फक्त धमनी धरणार." मग जरा खासगीतला आवाज काढून म्हणाला, "एरवी मी मूत्रपिंडाभोवती बर्फ ठेवतो. गारव्यात ते उपास सोसतं. धमनीला चिमटा लावायचा, झटपट गाठ काढायची, चिमटा सोडायचा. पण डॉक्टरसाहेब म्हणतात बर्फ नको, आणि चिमटाही सावकाश काढा. नाहीतर श्रेय औषधाचं की बर्फाचं, हे कसं कळणार?"

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"शोधनिबंधावर माझं नाव दुसरं आहे, मॅडम."

एवढं सांगून तो पुन्हा नखांकडे वळला. लाज वाटायला आधी ती असावी लागते.

दादाच्या खोलीत वेगळंच भांडण चाललं होतं. परिचारिका वाटी घेऊन उभी, आणि दादा ओठ घट्ट मिटून बसलेला. उद्या कवळी काढून ठेवावी लागेल, याची तिला आज रंगीत तालीम हवी होती.

"सगळ्यांसमोर काढणार नाही," तो मला बघून म्हणाला. "तुझ्या वहिनीने अजून मला बिनदातांचा पाहिलेला नाही."

"इतक्या वर्षांत?" परिचारिका थक्क झाली.

"दिवा घालवून काढतो."

वहिनी खिडकीशी पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत, ते मला कळलं नाही. मी तिला विचारलंही नाही.

"दादा, हे औषध घ्यायलाच हवं का? बर्फ लावून जुन्या पद्धतीने—"

"चिकण्या म्हणतो, घे. माझ्या डब्यातला अर्धा डबा खाऊन वाढलेला पोरगा आहे तो. मला खड्ड्यात घालेल का? तू उंदीर शोध, आणि त्या बिचाऱ्याचं नाव वाचव."

मी बाहेर आले. चिकण्याचं नाव बुडालं तर मी पेढे वाटले असते. पण दादाचं एकमेव मूत्रपिंड उद्या बर्फाशिवाय, सावकाश, एका निबंधासाठी उपाशी राहणार होतं. आणि ते उठलं नाही, तर राहिलेलं आयुष्य त्याने यंत्राला नळ्या लावून काढायचं होतं. मी घाबरले होते. हे कबूल करायला मला आवडत नाही.

तेवढ्यात मागून कोणीतरी माझी पिशवी ओढली.

"बाई," एक मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "उंदीर मी चोरलेत असं सर सगळ्यांना सांगतायत."

४

ही चिकण्याची साहाय्यक. हुशार, कष्टाळू आणि बावळट. हे तिन्ही गुण एकत्र असले की साहाय्यक म्हणून नोकरी पक्की.

सर्जनवरचा आळ टिकणार नाही हे लक्षात आल्यावर चिकण्याने तासाभरात चोर बदलला होता. म्हणे, मुलीला निबंधावर नाव मिळालं नाही, म्हणून तिने सूड उगवला.

"मला तर आतल्या खोलीत कधी जाऊच दिलं नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "म्हातारे उंदीर मी काचेतून पाहिलेत. पिवळसर झाले होते अगदी. पांढरा उंदीर म्हातारा झाला की पिवळा पडतो ना. माझ्याकडे फक्त मूत्रपिंडाच्या चकत्या यायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली बघून नोंद करायची."

"कशा होत्या?"

"काय सांगू बाई! इतक्या सुंदर! तरुण उंदराच्या असाव्यात तशा. चमत्कारच."

"दाखव."

मी डोळा लावला. ओळखीच्या गल्लीत शिरल्यासारखं वाटलं. रक्त गाळणारे गोल गुच्छ स्वच्छ, टवटवीत, एकाशेजारी एक. मी काचेची पट्टी सरकवत राहिले. शोधत होते ते कुठेच सापडेना.

"पोरी, तुझं घर जळत असताना कोणी पाणी मारून विझवलं, तर भिंतीवरचे जुने ओरखडे जातील का?"

"नाही. का?"

"औषध नवी जखम टाळेल, मान्य आहे. पण म्हाताऱ्या मूत्रपिंडात जुने व्रण असतातच. सुकलेले गुच्छ, दाटलेले कोपरे. ते आधीच्या आयुष्याचे. ते कोणतं औषध पुसतं?"

शिकलेल्या माणसाला चमत्कार दाखवला की तो आधी टाळ्या वाजवतो आणि मग कारण शोधतो. तिला टाळ्याच जास्त शिकवल्या होत्या.

"म्हणजे... औषध वाटलं त्याहून भारी आहे?"

मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. "तू चल माझ्याबरोबर. उंदीरखान्यात. आणि जाताना एक शब्द बोलू नकोस."

५

पिंजरेवाला बाहेरच्या मोठ्या खोलीत होता. तिथे सगळ्या विभागांचे तरुण उंदीर मांडणीवर गर्दी करून राहतात. तो रिकामा डबा वाजवत कुरकुरत होता.

"आज दाणे पुरेनात बघा. मापाने घालतो रोज. हावरट झालेत सगळे."

"ह्यातले उंदीर औषधवाल्या डॉक्टरसाहेबांनी कधी नेले होते?"

"नेहमीच की. दुसरा प्रयोग आहे म्हणायचे. परत मात्र कधी आणले नाहीत."

आतल्या खोलीत मी मुलीला दार लावायला सांगितलं आणि जमिनीवर बसले. गुडघे असे वाजले की कपाट पडल्याचा भास व्हावा. मग आम्ही गप्प राहिलो.

पहिल्यांदा काहीच नाही. मग बेसिनखालच्या कपाटातून बारीक चिवचिव आली. एक आवाज नव्हे, पुष्कळ.

खालचा खण अर्धवट उघडा होता. मुलीने तो अलगद ओढला आणि तोंडावर हात ठेवला. कापसाच्या फाटक्या गादीवर एक उंदरीण आडवी पडली होती. अंग पिवळट, शेपटीवर शाईची म्हाताऱ्यांची खूण. तिच्या पोटाशी गुलाबी, बिनकेसांची, शेंगदाण्याएवढी पिल्लं लुचत होती. आजचीच असावीत.

"बाई," मुलगी हळूच म्हणाली, "ही म्हातारी बाळंत झाली?"

मी हसले. इतकी हसले की भिंत धरावी लागली. मग उंदरिणीच्या पाठीवरचे केस बोटाने विंचरून मुलीला दाखवले. टोकं पिवळी होती. मुळं पांढरीशुभ्र.

"हे मी कुठेतरी पाहिलंय," ती पुटपुटली.

"रोज पाहतेस. फक्त रंग वेगळा आहे."

६

संचालकांच्या खोलीत मी सगळ्यांना बसवलं. चिकणा अगदी मधोमध बसला, फोटो काढायचा असल्यासारखा.

"चोरी झालीच नाही," मी म्हणाले. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. उंदीर बाहेरच्या खोलीत, तरुण उंदरांत मिसळले आहेत. म्हणूनच आज दाणे कमी पडले आणि म्हणूनच पिंजरे न्यावे लागले नाहीत. दारातून दारात जायला सामान कशाला?"

"पण म्हातारे लगेच ओळखू येतील की!" संचालक म्हणाले.

"आले असते, म्हातारे असते तर. ते तरुणच होते. रोज चहाच्या पाण्यात बुचकळून पिवळे केलेले. उद्या तपासनीस हातात घेणार, दात बघणार, म्हणून अंग धुऊन सगळे परत गर्दीत सोडले. एक तेवढी निसटली. पोटुशी होती, चिडलेली होती. ती कागदासारखी चावली."

सगळ्यांनी चिकण्याच्या बोटाकडे पाहिलं. त्याने हात टेबलाखाली घेतला.

"चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. औषध बुडावं म्हणून कोणी उंदीर पळवले, असं तुम्ही सगळे समजत होता. ते पळवले औषध तरंगावं म्हणून. नसलेला उंदीर कोण तपासणार?"

"पुरावा काय?" चिकण्याचा आवाज चिरका झाला. "छोटी, तू ह्या मुलीचं ऐकतेस? उंदराला मांजर साक्ष!"

मुलीने खण टेबलावर ठेवला. संचालक वाकले. सर्जननेही नखं सोडून पहिल्यांदा दुसरीकडे पाहिलं.

"वयाने सत्तरीची बाई," मी म्हणाले. "आज सकाळी बाळंत झाली. बारसं कधी करायचं, डॉक्टरसाहेब? नर कोण, मादी कोण, एवढं तरी बघून कोंडायचं. वार्धक्यावर हयात घालवलीस, आणि म्हातारं कसं दिसतं म्हटल्यावर तुला एकच गोष्ट सुचली. केसांचा रंग. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. म्हातारपणाचंही येत नाही. आणि तरुणपणाचंही नाही. तुझीही मुळं दिसतायत."

त्याचा हात आपोआप भांगाकडे गेला. मग संचालक घसा खाकरून म्हणाले, "बाई, हे आपल्या चार भिंतींत राहिलं तर..."

"उद्या तपासनीस आले की हा खण मीच त्यांच्या हातात देणार आहे. आणि तुम्ही," मी सर्जनकडे वळले, "उद्या बर्फ लावणार."

"अर्थात, मॅडम. माझा तर पहिल्यापासून बर्फाचाच आग्रह होता."

ह्याच्यापेक्षा ती उंदरीण बरी. निदान चावते तरी.

७

दादाला मी सगळं सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "चिकण्याला बोलाव."

"कशाला? तोंड बघायचंय का त्याचं?"

"बोलाव गं."

तो आला. दारातच उभा राहिला, शाळेत उशीर झालेल्या पोरासारखा. वहिनीने त्याच्यासाठी खुर्ची सरकवली नाही. आमच्या घरी असं कधी घडलं नव्हतं.

"आत ये रे," दादा म्हणाला. "एकच विचारायचंय. आधी खरे म्हातारे उंदीर असतील ना? दोन वर्षं पोसलेस म्हणतात."

चिकणा खाली बघत होता.

"त्यांनाही दिलंस औषध?"

"दिलं."

"मग?"

"गेले," तो म्हणाला. "रक्त सोडलं, आणि दोन दिवसांत एकेक करत सगळे गेले. मला वाटलं, मात्रा चुकली असेल. माणसाचं वेगळं असतं. तुला काही झालं नसतं. मुदतवाढ संपत आली होती रे, मी परत दोन वर्षं कुठून..."

मी त्याला काय काय बोलणार होते! उभी हयात साठवलेलं सगळं जिभेवर तयार होतं. पण दादाने हात वर केला.

मग त्याने वहिनीकडे पाहिलं. दिवा चालू होता, खिडकी उघडी होती, परिचारिका दारात होती. त्याने दोन बोटं तोंडात घातली आणि कवळी काढली. वरची, मग खालची. त्याचे गाल आत गेले, हनुवटी नाकाकडे आली, आणि माझा देखणा दादा एका क्षणात आमच्या आजोबांसारखा दिसू लागला. त्याने चिकण्याचा पट्टी बांधलेला हात ओढला आणि ओली कवळी त्याच्या तळव्यावर ठेवली.

"नीट बघून घे," तो बोबडं बोलला. "म्हातारा अशा अशतो."

चिकण्याची बोटं मिटेनात आणि उघडेनात. वहिनी पुढे झाली. तिने कवळी त्याच्या हातातून उचलली, परिचारिकेच्या वाटीत ठेवली, आणि दादाच्या बसक्या गालावरून हात फिरवला.

"उगाच इतकी वर्षं दिवे घालवलेत," ती म्हणाली.

चिकणा कधी निघून गेला, आम्ही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जनने बर्फ लावला, घाई केली आणि चिमटा वेळेत सोडला. दादाचं मूत्रपिंड दोन दिवस रुसलं, मग कामाला लागलं. वाटी अजून त्याच्या उशाशी आहे. कवळी तो आता फक्त जेवताना घालतो.